अंदाज नव्हे, माप

रमजानमध्ये मार्केट यार्डाला झोप कमीच. एरवीही इथला दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. रमजानात त्याला आणखी घाई असते. फळबाजारात कलिंगड, खरबूज, पपई, अननसाच्या गाड्या रिकाम्या होत असतात. भुसार विभागाच्या गाळ्यांवर खजुराच्या पेट्यांच्या थप्प्या लागतात. इराणचा, इराकचा, सौदीचा, ओमानचा खजूर इथून पुण्याच्या पेठांत, कॅम्पात, कोंढव्यात आणि आसपासच्या तालुक्यांत जातो. सहरीची वेळ संपत आली की रोजेदार हमाल पाठीवरचे ओझे उतरवून दोन घास खातो, पाणी पितो आणि पुन्हा पाठ वाकवतो.

त्याच वेळी शहरातल्या कुठल्या तरी प्रसूतिगृहात रात्रपाळीची सिस्टर डबा उघडते. दोन घास पोटात जातात न जातात तोच आतून हाक येते. कळा घड्याळ पाहून येत नाहीत. सहरी संपायला पाच मिनिटे आहेत, हे पोटातल्या बाळाला ठाऊक नसते.

मार्केट यार्ड, गुलटेकडी, बिबवेवाडीच्या कष्टकरी घरांतून नर्सिंगकडे वळणाऱ्या मुली आता अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहीत. वडील हमाल किंवा तोलणार, आई पाखडण्या-निवडण्याच्या कामावर आणि मुलगी जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला, असे घर या भागात सहज कल्पता येते. या मुलीच्या टेबलावर रमजानात दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात: एकीकडे तसबीह, दुसरीकडे प्रसूतिशास्त्राचे जाडजूड पुस्तक. तिची परीक्षा नेमकी कशाची असते, हे मात्र घरातल्यांना नीटसे माहीत नसते. ‘सुई द्यायला शिकते,’ एवढीच समजूत. वास्तविक ती जे शिकते, ते तिच्या तोलणार वडिलांना सर्वांत लवकर कळेल. ती अंदाज सोडून माप घ्यायला शिकते.

एका नोंदणीत दोन जबाबदाऱ्या

आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करते, तेव्हा तिला दोन ओळखी एकदम मिळतात. ती नोंदणीकृत परिचारिका होते आणि नोंदणीकृत प्रसाविकाही. म्हणजे कागदोपत्री तरी बाळंतपण करण्याची जबाबदारी तिच्यावर पहिल्याच दिवशी येते. म्हणून प्रसूतिशास्त्र हा इतर विषयांसारखा एक विषय नसतो. त्याची लेखी परीक्षा असते, प्रात्यक्षिक असते, तोंडी असते आणि त्याआधी भरावे लागणारे केसबुक असते. किती गरोदर माता तपासल्या, किती बाळंतपणे स्वतःच्या हातांनी केली, किती बाळंतिणींची शुश्रूषा केली, याची सही-शिक्क्यानिशी नोंद त्यात लागते.

नोकरी लागली म्हणजे परीक्षा संपली, असे नाही. अमेरिकेत रुग्णालयातल्या प्रसूतिविभागात काम करणाऱ्या नर्ससाठी स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा आहे. तिला बसण्यासाठी किमान दोन वर्षांचा आणि दोन हजार तासांचा त्याच कामाचा अनुभव लागतो. तीन तासांत १७५ प्रश्न सोडवायचे असतात. भारतात तंतोतंत तशी परीक्षा नाही, पण त्या दिशेची पावले पडली आहेत. २०१७च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला. सरकारी लेबर रूमचे त्यात गुणांकन होते. सत्तर टक्क्यांच्या वर रौप्य, ऐंशीच्या वर सुवर्ण, नव्वदच्या वर प्लॅटिनम. तपासणीला आलेले लोक भिंतीचा रंग पाहून जात नाहीत. ते ड्युटीवरच्या सिस्टरला विचारतात, ‘बाळ रडले नाही तर काय कराल? करून दाखवा.’ खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेचा ‘मान्यता’ उपक्रम आहे, त्यात सोळा वैद्यकीय निकष आहेत. २०१८मध्ये केंद्राने प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि नोंदणीकृत परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण आखले. ते पूर्ण करणारी परिचारिका नैसर्गिक बाळंतपणाची जबाबदारी स्वतः पेलू शकते.

थोडक्यात, आज परीक्षा कोणतीही असो, प्रश्न तेच आहेत. आणि त्या प्रश्नांमागे एक हिशेब आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. राज्याची कामगिरी देशात वरच्या क्रमांकाची आहे, हे समाधानाचे. पण त्या तेहेतीस घरांत पाळणा हलला तेव्हा आई नव्हती, हेही तितकेच खरे.

डोळा फसवतो

बाजारात कुणी डोळ्यांनी माल तोलत नाही. कितीही जुना आडत्या असला तरी पोते काट्यावर चढतेच. लेबर रूममध्ये मात्र वर्षानुवर्षे रक्त डोळ्यांनीच तोलले गेले. ‘थोडेसे जास्त गेले,’ ‘नेहमीइतकेच आहे,’ अशी भाषा होती. डोळ्याचा अंदाज बहुधा कमीच भरतो, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. चादरीत मुरलेले, बादलीत पाण्यात मिसळलेले रक्त हिशेबात येत नाही.

बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेले की तो धोक्याचा रक्तस्राव, ही व्याख्या प्रत्येक विद्यार्थिनी पाठ करते. पण पाठ असलेली व्याख्या उपयोगी पडायची तर रक्त मोजले पाहिजे. २०२३मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ऐंशी रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिथे बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी अंथरली गेली. रक्त ठरलेल्या खुणेपर्यंत आले की कुणाची वाट न पाहता सगळे उपाय एकत्र सुरू करायचे: गर्भपिशवी चोळणे, पिशवी आवळणारी औषधे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाईन आणि रक्त कुठून जाते याची तपासणी. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून येणारी संकटे तब्बल साठ टक्क्यांनी घटली. यात औषध नवे नव्हते. नवे होते ते माप, आणि सगळे उपाय एकदम करण्याची शिस्त.

परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीने इथेच थांबून स्वतःला विचारायला हवे: हे सगळे क्रमाने तोंडपाठ आहे, की हातपाठ? बाळ बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटात आईला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन स्नायूत द्यायचे, हे वाचायला एक ओळ लागते. प्रत्यक्षात ते इंजेक्शन आधीच भरून ठेवलेले असावे लागते. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेले असावे लागते. फळाच्या पेटीसारखेच हे औषधही उन्हात उतरते. फरक एवढाच की उतरलेले फळ दिसते, उतरलेले औषध दिसत नाही.

कागदावरची रेघ

दुसरे माप वेळेचे. कळा सुरू झालेल्या बाईच्या खाटेला एक तक्ता लावलेला असतो. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. गर्भाशयाचे तोंड किती उघडले, बाळाचे ठोके किती, कळा किती वेळाने येतात, आईची नाडी आणि रक्तदाब किती, हे त्यावर ठरावीक अंतराने भरायचे. जुन्या तक्त्यावर दोन तिरक्या रेघा असतात. पहिली ओलांडली तर सावध व्हा, चार तास पुढची दुसरी ओलांडली तर हालचाल करा. आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२मध्ये या रेघा मांडल्या. दूरच्या आरोग्य केंद्रातल्या प्रसाविकेला ‘आता मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवे’ हे वेळेत कळावे, हा त्यामागचा हेतू. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता आणला. त्यात कळांचा सक्रिय टप्पा चार सेंटिमीटरऐवजी पाचपासून धरला आहे. तयारी करणाऱ्यांना दोन्ही माहीत असावे लागतात.

हा तक्ता बाळंतपण झाल्यावर एकदम बसून भरण्याची सवय अनेक ठिकाणी असते. परीक्षेत असा तक्ता सुबक दिसतो. पण तो तोलून झाल्यावर लिहिलेली पावती आहे, काटा नव्हे.

तिसरे माप झटक्यांचे. रक्तदाब वाढून गरोदर बाईला झटके येतात, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट हे औषध जीव वाचवते आणि चुकीच्या हिशेबाने श्वासही थांबवू शकते. पन्नास टक्के द्रावणाच्या दोन मिलिलिटरच्या एका कुपीत एक ग्रॅम औषध असते. प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम द्यायचे तर किती कुप्या फोडायच्या? पाच आणि पाच, दहा. हा प्रश्न कागदावर पाचवीतल्या मुलाचा आहे. पहाटे तीन वाजता, समोर बाई कडक झालेली असताना, तो तसा राहत नाही. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: श्वास मिनिटाला किमान सोळा आहे, लघवी तासाला किमान तीस मिलिलिटर होते आहे, गुडघ्यावर टिचकी मारल्यावर पाय उडतो आहे. तिन्हींपैकी एक जरी कमी असेल तरी हात थांबला पाहिजे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रॉलीवर हवेच.

चौथे माप बाळाचे. जन्मलेले बाळ रडले नाही, श्वास घेत नाही, तर पुसणे, ऊब देणे, गरज असेल तर तोंड-नाक मोकळे करणे आणि अंबू बॅगने श्वास देणे सुरू करणे, हे सगळे साठ सेकंदांत. त्याला सुवर्ण मिनिट म्हणतात. अपगारचा गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला द्यायचा. पण गुण मोजायला म्हणून श्वास देणे थांबवायचे नाही. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२मध्ये ही मोजणी सुचवली. तोवर ‘बाळ जरा मलूल आहे’ एवढेच बोलले जात असे.

रोजा, सुई आणि खजूर

पुस्तकात नसलेले प्रश्नही परीक्षेला येतात. फक्त ते परीक्षक विचारत नाहीत, नातेवाईक विचारतात. रमजानात तर हमखास. नवव्या महिन्यातली सून रोजा ठेवून तपासणीला येते. सासू म्हणते, ‘सिस्टर, रोजा है उसका, सुई मत लगाना.’ इथे आवाज चढवून काम होत नाही. ‘खाला, रोजा बाद में भी हो जाएगा. अभी बच्चे की धडकन देख लेते हैं,’ असे सांगणारी सिस्टर असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

शरियतने ही सवलत दिलेलीच आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल, तर तिला रोजा पुढे ढकलता येतो. बाळंतपणानंतर रक्त जात असते तोवर तर रोजा नसतोच. तरीही ‘मी ठेवू शकते’ या जिद्दीने उपाशी राहणाऱ्या सुना घरोघरी आहेत. अशा वेळी सिस्टरने फतवा द्यायचा नसतो. तिने माप सांगायचे असते: लघवी गडद आणि कमी होते का, चक्कर येते का, बाळाची हालचाल कमी वाटते का, साखर किंवा रक्तदाब वाढलेला आहे का. यातले एक जरी असले तरी डॉक्टरांना दाखवा आणि रोजा थांबवा. रुग्ण ऐकतो, कारण त्याला आकडा कळतो.

दुसरा प्रश्न खजुराचा. हजरत मरियम यांना खजुराच्या झाडाखाली कळा आल्या आणि त्यांना ताजा खजूर मिळाला, हा प्रसंग कुरआनात आहे. म्हणून शेवटच्या महिन्यात सुनेला खजूर खाऊ घालण्याची घरोघर पद्धत आहे. जॉर्डनमधल्या २०११च्या एका अभ्यासात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ बायकांची तुलना न खाणाऱ्यांशी केली. खजूर खाणाऱ्या बायका दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या गर्भाशयाचे तोंड अधिक उघडलेले आढळले. अभ्यास लहान आहे. त्यावरून खजूर हे औषध ठरत नाही. सिस्टरने ‘खा, चांगलाच आहे’ म्हणावे, आणि गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हेही सांगावे.

तिसरा प्रश्न बाळाच्या पहिल्या घासाचा. बाळाच्या कानात अजान द्यायची असते, जिभेला मध किंवा चघळलेला खजूर लावायचा असतो. अजानला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. बाळ आईच्या छातीवर, उबेत, अंगाला अंग लावून असतानाही ती देता येते. मधाचे मात्र स्पष्ट सांगावे लागते: वर्षाच्या आत मध नको, त्यातून बाळाला विषबाधेचा धोका असतो. पहिला घास आईच्या चिकाचा, तोही पहिल्या तासात. आजोबांना हे पटवायचे कौशल्य कोणत्याही केसबुकात नोंदवले जात नाही. पण ‘लक्ष्य’च्या निकषांत बाळंतिणीला मान देणे, तिच्याजवळ सोबतीण असू देणे, तिला समजेल असे बोलणे यांनाही गुण आहेत, हे लक्षात ठेवावे.

जुनी वाट

पुण्याला ही वाट नवी नाही. १९०९मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन उभे राहिले. विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे, यासाठी त्या संस्थेने झटून काम केले. चांगल्या घरच्या बाईने परक्याच्या खाटेशेजारी रात्र काढायची, ही कल्पनाच तेव्हा समाजाला झेपणारी नव्हती. १९१२मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले. १९४४मध्ये डॉ. बानू कोयाजी तिथे रुजू झाल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे छोटे प्रसूतिगृह होते. पुढे त्यांनी वढू परिसरातल्या खेड्यांत गावच्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले.

मुस्लिम घरांतही ‘मुलीने रात्रपाळी करायची का?’ हा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. त्याचे उत्तर फार मागे आहे. मदिनेत मशिदीजवळ तंबू उभारून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव इस्लामी इतिहासात आदराने घेतले जाते. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवले होते. खिदमतीला पाळी नसते.

रमजानात अभ्यास कसा?

ड्युटी, रोजा आणि परीक्षा एकत्र आली की मुली एक तर अभ्यास सोडतात किंवा झोप सोडतात. दोन्ही चूक. दिवसाची ड्युटी असणारीने सहरी आणि फजरनंतरचा तासभर वाचनाला ठेवावा. डोके तेव्हा सर्वांत ताजे असते. आकडे, औषधांची मात्रा, व्याख्या त्या वेळी. असरनंतरची वेळ सुस्तीची, तेव्हा लिहायचे काम घ्यावे: रोज एक पार्टोग्राफ, कागदावर, पेन्सिलीने, बनवलेल्या केसवरून. तरावीहनंतर मैत्रिणींसोबत अर्धा तास फक्त हातांचा सराव. एकीने घड्याळ धरायचे, दुसरीने बोलत बोलत करून दाखवायचे: ‘मी मदतीला हाक मारते, पिशवी चोळते, लघवी रिकामी करते…’ बाहुली नसेल तर उशी चालते. रात्रपाळीवालीने दुपारची झोप अजिबात मोडू नये आणि इफ्तारनंतर भरपूर पाणी प्यावे. औषध भरताना स्वतःचीच चक्कर रुग्णाच्या जिवावर येऊ शकते. त्रास होत असेल तर सवलत तिलाही आहे.

घरातल्यांनीही एवढे करावे. परीक्षेच्या महिन्यात इफ्तारचे तळण तिच्या एकटीच्या गळ्यात घालू नये. तिच्या अभ्यासाला इबादतीतून वेगळे काढू नये. कुरआनातला पहिला संदेश याच महिन्यात उतरला आणि तो वाचण्याचा होता, हे घरातल्या मोठ्यांना सांगायला नको.

माप पुरे द्या, तोलात कमी करू नका, ही ताकीदही कुरआनात वारंवार आली आहे. बाजारातल्या वडीलधाऱ्यांनी ती आयुष्यभर पोत्यांच्या बाबतीत पाळली. त्यांची मुलगी तीच ताकीद आता वेगळ्या ठिकाणी पाळणार आहे. काट्यावर पाव किलो इकडेतिकडे झाले तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतो. बाळंतीण भांडायला येत नाही. म्हणून तिचे माप आधीच, पुरेपूर शिकून ठेवावे लागते. पहाटेची अजान होते, यार्डातली शेवटची गाडी रिकामी होते आणि पेन्सिल पुन्हा तक्त्यावर टेकते.